आईच्या हातातला गेम

मी दोडामार्ग तालुक्यातल्या एका लहान गावातून बोलते आहे. थोडी सुपारी, थोडे काजू, दारात दोन म्हशी असं आमचं घर. बचत गटाची हिशेबाची वही गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. या कार्यक्रमात बोलायला बोलावलं तेव्हा ताईंनी विचारलं, विषय काय घेणार? मी म्हटलं, व्हिडिओ गेम. त्या म्हणाल्या, छान, मुलांना गेमपासून लांब कसं ठेवायचं ते सांगा. मी म्हटलं, तसं नाही. मी स्वतः कोणकोणते गेम खेळले, कुठपर्यंत पोचले, ते सांगते. त्या हसल्या. तुम्हीही आता हसला असाल. हसा. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यात आपल्या गटाच्या पैशाचीही गोष्ट आहे.

सुरुवात माझ्या लहानपणापासून करते. मी आठवीत होते. माझी मावशी म्हापशाला राहायची. शुक्रवारच्या बाजाराला आई तिकडे जायची तेव्हा मला आणि धाकट्या भावाला घेऊन जायची. एकदा मावशीच्या यजमानांनी भावाला एक ब्रिक गेम घेऊन दिला. पाव किलोच्या साबणाच्या वडीएवढा, करड्या रंगाचा, खाली पिवळी बटणं आणि वर लहानशी काच. त्यात दोन पेन्सिल सेल घालायचे. वरून विटांचे तुकडे पडायचे आणि ते फिरवून फिरवून खाली नीट बसवायचे. एक ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी व्हायची. न भरलेल्या ओळी साचत जायच्या आणि त्या वरपर्यंत पोचल्या की खेळ संपला.

गेम भावाचा. मी खेळायचे तो झोपल्यावर. चुलीवर भात ठेवायचा आणि तो शिजेपर्यंत एक डाव. आई म्हणायची, "गो बाय, तां टुकटुकणारा ठेव बाजूक आणि चुलीकडे बघ." भात दोनदा करपला तेही कबूल करते. पण एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. मला तो गेम भावापेक्षा चांगला जमत होता. त्याला घाई असायची. मला जागा दिसायची. सुपारी भरताना पोत्यात कोपरा रिकामा ठेवायचा नाही, फळीवर डबे लावताना मोठा मागे आणि लहान पुढे ठेवायचा, हे हाताला ठाऊक होतं. तेच इथे कामाला आलं.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की हा खेळ आला कुठून. अलेक्सी पाजित्नोव नावाच्या माणसाने १९८४ साली मॉस्कोत तो तयार केला. नाव टेट्रिस. चार चौकोन जोडून जे सात आकार होतात, तेवढेच त्याचे तुकडे. तो सरकारी संस्थेत कामाला होता, त्यामुळे खेळाचे हक्क सरकारकडे गेले. जगभर खेळ विकला गेला, पण त्याला स्वतःला त्याचे पैसे मिळू लागले ते १९९६ पासून. म्हणजे राबायचं एकाने आणि फळ दुसऱ्याने खायचं, हे आपल्याकडेच असतं असं नाही.

दुसरा गेम मावशीच्या घरचा. टीव्हीला लावायचा डबा. त्याच्यात वरून कॅसेट खुपसायची. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली असं यंत्र काढलं होतं, त्याच्या नकला आपल्याकडे बाजारात मिळायच्या. त्यावर मी मारिओ खेळले. तुमच्यापैकी ज्यांचे भाऊ त्या काळात मुंबईला किंवा गोव्याला होते, त्यांना तो मिशीवाला, लाल टोपीवाला माणूस आठवत असेल. शिगेरू मियामोतो याने हा गेम १९८५ साली केला. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, असे एकूण बत्तीस. उड्या मारत, खड्डे चुकवत, नाणी गोळा करत जायचं. शंभर नाणी झाली की एक जीव जास्त मिळायचा. प्रत्येक जगाच्या शेवटी एक किल्ला. तिथे राजकन्या असेल म्हणून जायचं, तर निरोप मिळायचा की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे.

या गेमची एक अट होती. आपण कुठपर्यंत आलो ते तो लक्षात ठेवत नसे. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. मी एका मे महिन्याच्या सुट्टीत सहाव्या जगापर्यंत पोचले होते आणि वीज गेली. आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. मावसभाऊ हसला. मला रडू आलं. नववीत गेल्यावर घरून सांगितलं गेलं की आता मोठी झालीस, मावशीकडे पोरांच्यात बसून टीव्हीवर खेळायचं नाही. भाऊ मात्र बसायचा. त्याने आठवं जग पुरं केलं. मी नाही. मैत्रिणींनो, ही काही फार मोठी दुःखाची गोष्ट नाही. पण अर्धवट राहिलेल्या गोष्टींची जी यादी प्रत्येक बाईच्या मनात असते, त्यात ही माझी एक.

इथे थोडं थांबून एक गंमत सांगते. ही निन्टेन्डो कंपनी सुरू झाली १८८९ साली, जपानच्या क्योटो शहरात, आणि तेव्हा ती हाताने बनवलेले पत्ते विकायची. फुलांची चित्रं असलेले पत्ते. आता आपल्या सावंतवाडीचा गंजिफा आठवा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, असे एकशे वीस. ही कला मरणपंथाला लागली होती. राजे शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. म्हणजे खेळ करणं आणि खेळ खेळणं हे आपल्या मुलखाला नवं नाही. तिकडे पत्त्यांतून यंत्र झालं. आपल्याकडे पत्ते पत्तेच राहिले, पण आहेत अजून.

लग्न झालं, मी या गावात आले. मग दहा वर्षं कसला गेम? फक्त आमच्या ह्यांचा टॉर्चवाला नोकिया होता, त्यात साप होता. हे रात्री गोव्याहून कामावरून आले की फोन चार्जिंगला लावायचे आणि मी तो साप फिरवायचे. दाणा खाल्ला की साप लांब होतो आणि स्वतःच्या शेपटीला धडकला की मरतो. १९९७ साली तानेली अर्मांतो या फिनलंडच्या माणसाने तो पहिल्यांदा फोनमध्ये घातला. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, जितकां खाता तितका अडकता. त्या साधं बोलल्या होत्या. मला ते अजून आठवतं.

२००९ साली मी बाळंतपणाला माहेरी होते. भाऊ तोवर बोटीवर कामाला लागला होता. आपल्याकडचे पुष्कळ मुलगे जातात तसा. तो सुट्टीवर आला होता आणि त्याच्याकडे हातात धरायचा प्लेस्टेशनचा गेम होता, पीएसपी म्हणतात तो. त्यात लुमिन्स नावाचा खेळ होता. दोन रंगांचे चौकोन वरून पडतात, एका रंगाचे चार जुळले की एक रेघ येऊन ते पुसून नेते, आणि ती रेघ गाण्याच्या ठेक्यावर चालते. माझा ब्रिक गेमच नवं लुगडं नेसून आला होता म्हणा ना.

बाळ रात्री दोन-दोन तास जागायचं. एकदा मांडीवर झोपलं की हलायची सोय नसायची. मी आवाज बंद करून, उशीला टेकून तो गेम खेळायचे. घरातले सगळे झोपलेले, बाहेर पाऊस, आणि माझ्या हातात तो उजेड. बाळंतिणीला त्या दिवसांत किती एकटं वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. सगळे बाळाला बघायला येतात. त्या अर्ध्या तासात मी कुणाची आई नव्हते, सून नव्हते. मी फक्त रंग जुळवत होते. भाऊ परत गेला तेव्हा गेम घेऊन गेला. मागितला असता तर त्याने दिला असता. पण बाईमाणसाने गेम मागायचा कसा?

आता मुख्य गोष्टीकडे येते. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी घरात मोठा फोन आला. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. अभ्यास कमी आणि गेम जास्त, हे तुमच्याही घरी झालं असेल. त्याच वर्षी २ सप्टेंबरला पबजी गेमवर केंद्र सरकारने बंदी आणली. आम्ही आया खूश झालो. पण एक बंद झाला की मुलं दुसऱ्यावर जातात. खेळ बदलले, फोन तोच राहिला.

मला फोनवरचं फारसं येत नव्हतं. गॅसचं बुकिंग, वीजबिल, गटाचे पैसे पाठवणं, सगळं मुलगा करायचा. मी फोन हातात घेऊन चाचपडायला लागले की तो म्हणायचा, "आये, तुका जमाचा नाय, दी हकडे." मी द्यायचे. यूपीआयचा पिनसुद्धा त्यालाच पाठ होता, कारण मीच सांगितला होता. मला त्याचा अभिमान वाटायचा. बघा, माझा झील किती हुशार.

२०२३ च्या चतुर्थीला आमच्या गटाने नेवऱ्या आणि लाडवांची ऑर्डर घेतली. डिचोलीपासून बांद्यापर्यंत गिऱ्हाईक होतं. अकरा बायका सहा दिवस खपल्या. काही गिऱ्हाइकांनी रोख दिले, काहींनी माझ्या फोनवर पाठवले. फोनवर आलेली रक्कम होती ८,४५० रुपये. गणपती गेल्यावर वाटप करायचं म्हणून मी बँकेत गेले. खात्यावर ४,६०० रुपये कमी. मला वाटलं, चोरी झाली, कुणीतरी फसवलं. पासबुकात बघितलं तर लहान लहान रकमा. ८०, १५९, ३९९, ७९९. तीन आठवड्यांत अकरा वेळा.

घरी येऊन मी मुलासमोर पासबुक ठेवलं. तो काही बोलला नाही. मग रडायला लागला. त्याच्या गेममध्ये डायमंड म्हणून काहीतरी असतं, ते विकत घ्यावं लागतं. त्यातून कपडे आणि बंदुकीचे रंग मिळतात. आमचे हे रात्री आले आणि म्हणाले, तो फोन आधी धोंड्यार आपट. हात उगारला, पण मी मध्ये पडले. त्या रात्री कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक. मैत्रिणींनो, सहा दिवस जिने माझ्या शेजारी बसून तळण केलं, तिच्या तोंडाकडे बघून सांगायचं की तुझे पैसे माझ्या मुलाने खेळात घालवले. मी वाटेत दोनदा थांबले. फसवणूक झाली म्हणून सांगावं असंही मनात आलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पण मग वहीवर सही कशी करणार होते? मी खरं सांगितलं. वही पुढे ठेवली आणि म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी द्या.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. दोघी रागावल्या, आणि त्यांचा राग बरोबर होता. एकीच्या घरी औषधाचे पैसे त्यातून जायचे होते. मग आमच्या गटातली सगळ्यात थोरली आजी बोलली. "पैशे गेले ते येतले. झील खय गेलो तां आधी बघ." ठरलं की मी तीन महिन्यांत रक्कम भरायची. औषधवाल्या बाईचा वाटा मी त्याच दिवशी घरातून दिला, बाकी डिसेंबरपर्यंत दिले. वही माझ्याकडेच ठेवली, पण एक अट घातली. ती अट काय, ते शेवटी सांगते.

आजीचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. झील खय गेलो? मी मुलाला म्हटलं, मला दाखव, तू तिथे काय करतोस. तो बघतच राहिला. आधी त्याला वाटलं की मी पुन्हा ओरडणार. मग त्याने दाखवलं. मी तासभर शेजारी बसले. आणि मला काही गोष्टी दिसल्या, कारण मी पूर्वी गेम खेळलेली बाई होते.

पहिली गोष्ट, या खेळाला शेवट नाही. मारिओला बत्तीस टप्पे होते. हरलं तरी कुठे जायचं ते ठाऊक होतं. इथे एक सामना संपतो न संपतो तो दुसरा सुरू. उठावं कधी, हे खेळ सांगतच नाही. दुसरी गोष्ट, आमचा गेम एकदा विकत घेतला की झालं. हा फुकट मिळतो, आणि म्हणूनच सतत मागत राहतो. आज अर्ध्या किमतीत, अजून दोन तास शिल्लक, असं सारखं दाखवतो. जत्रेतला दुकानदार तुमच्या उशाशी येऊन बसावा तसं ते आहे. तिसरी गोष्ट मुलाने स्वतः सांगितली. साधे कपडे घालून खेळणाऱ्याला बाकीची मुलं चिडवतात. वर्गातली मुलंसुद्धा. त्याला गेममध्ये जिंकायचं नव्हतं, त्याला गरीब दिसायचं नव्हतं. हे ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. आपणही लग्नाला जाताना उसनी माळ घालतोच ना?

मी त्याला म्हटलं, हा गेम तू बंद करायचा. त्याऐवजी मी तुझ्याबरोबर खेळेन. भावाने २०११ साली म्हापशातून जुना प्लेस्टेशन टू घेतला होता आणि बोटीवर जाताना आमच्या माळ्यावर ठेवून गेला होता. जगात १५ कोटींहून जास्त विकलं गेलेलं यंत्र ते. आम्ही खाली काढलं. आत पालीची अंडी होती. पुसून टीव्हीला लावलं तर चालू झालं.

त्याच्याबरोबर एक सीडी होती, प्रिन्स ऑफ पर्शिया, सॅन्ड्स ऑफ टाइम. २००३ सालचा गेम. गोष्ट आपल्याच देशात सुरू होते. इराणचा राजपुत्र एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून येतो आणि हावरटपणाने एक खंजीर उचलतो. त्यामुळे सगळीकडे अनर्थ होतो. मग महाराजाची मुलगी फराह हिच्या साथीने तो केलेली चूक निस्तरतो. त्या खंजिराची खुबी अशी की पडलात, मेलात, तर काळ थोडा मागे नेता येतो. पण तेही फुकट नाही. खंजिरात जेवढी वाळू, तेवढ्याच वेळा.

माझा हात बसायला महिना लागला. त्या कंट्रोलरवर त्रिकोण, गोल, फुली, चौकोन अशी बटणं आणि दोन अंगठ्यांना दोन दांडे. एकाने माणूस चालवायचा, दुसऱ्याने नजर फिरवायची. मी भिंतीवर जाऊन आदळायचे. मुलगा हसून लोळायचा. आणि सवयीप्रमाणे हात पुढे करायचा, "आये, दी, मी करतंय." एक दिवस मी कंट्रोलर छातीशी धरला आणि म्हटलं, नाही. हातातून घ्यायचं नाही. तोंडाने सांग. किती वेळ लागेल तो लागू दे.

मैत्रिणींनो, हे बोलले आणि माझ्या मनात लख्ख उजेड पडला. फोनच्या बाबतीत मी हे कधी म्हटलंच नव्हतं. मुलाने पैसे उडवले ही त्याची चूक. पण तिजोरीची किल्ली मी त्याच्या हातात दिली होती, कारण मला शिकायचा कंटाळा आणि भीती होती. जमत नाही म्हणून द्यायचं, आणि दिलं म्हणून कधीच जमत नाही. आपण बायका कितीदा असं करतो. बँकेचा फॉर्म, एटीएम, मोबाइल. मुलगा करील, दीर करील, सीआरपी ताई करतील.

त्याच आठवड्यात मी पिन बदलला. स्वतः, मुलाला समोर बसवून, पण त्याला तोंड फिरवायला लावून. चौथ्या खेपेला जमलं. तोच म्हणाला, "जमला मगे!" आता वीजबिल मी भरते. वेळ लागतो. लागू दे.

रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास. चाळीस पावलांवर एक जागा येते, तिथे गेम जपून ठेवता येतो, मग बंद करायचा. ही सोय मारिओत असती तर माझं सहावं जग वाया गेलं नसतं. एका ठिकाणी भिंतीवरून धावत, खांबाला लटकत पलीकडे जायचं होतं. मी तिथे नऊ दिवस अडकले. दहाव्या दिवशी पोचले आणि दोघेही ओरडलो. सासूबाई दचकून उठल्या, त्यांना वाटलं हत्ती आला बागेत. आपल्या तालुक्यात तेही खोटं वाटत नाही. चार महिन्यांनी, पाडव्याच्या आसपास, आम्ही तो गेम पुरा केला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या गेमचा शेवट बघितला. त्या शेवटात राजपुत्र पुन्हा पहिल्या जागी येतो आणि या वेळी नीट वागतो. मी मुलाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण त्याला कळलं होतं.

त्याच काळात मुलाने मला एक बातमी वाचून दाखवली. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या विलिस गिब्सन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने टेट्रिसला हरवलं. म्हणजे तो इतका पुढे गेला, १५७ व्या टप्प्यापर्यंत, की गेमच बंद पडला. त्या यंत्रावर त्याआधी कुठल्याही माणसाला ते जमलं नव्हतं. माझा भात करपवणारा गेम तो!

शेवटचा गेम सांगते आणि आवरते. माझा भाचा पणजीत नोकरी करतो, त्याच्याकडे नवा प्लेस्टेशन आहे. मागच्या दिवाळीत त्याने मला मुद्दाम एक गेम लावून दिला. नाव 'राजी'. हा आपल्या पुण्यात तयार झालेला. नॉडिंग हेड्स गेम्स नावाची लहानशी मंडळी, श्रुती घोष आणि अविचल सिंग हे त्यांतले. २०१७ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी मागून बघितली, ती पुरेशी जमली नाही. तरी सोडलं नाही, २०२० साली गेम बाहेर आला. जगभरच्या गेमना जी मोठी बक्षिसं देतात, त्यांत नव्या लोकांच्या पहिल्या गेमसाठी त्याचं नाव निवडलं गेलं होतं.

राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. ती त्याला सोडवायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू धनुष्य देतो. मध्ये मध्ये गोष्ट पुढे सांगायला पडद्यावर सावल्यांच्या बाहुल्या येतात. त्या बघून मला आपल्या कुडाळजवळची पिंगुळी आठवली. तिथले ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. मी भाच्याला म्हटलं, अरे, हे तर आमच्याकडे दिव्याच्या उजेडात करतात.

गेम पाच-सहा तासांचा. शेवट थोडा अर्धवट सोडल्यासारखा वाटला, ते मी सांगून टाकलं. पण एक गोष्ट मनात राहिली. मारिओत राजकन्या किल्ल्यात बसून वाट बघते. इथे भाऊ अडकलेला आहे आणि बहीण त्रिशूळ घेऊन निघाली आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी, पणजीतल्या खोलीत, माझ्या हातातली मुलगी उड्या मारत चालली होती आणि कुणी म्हणत नव्हतं की तू मोठी झालीस, ऊठ.

आता मी शिकले ते थोडक्यात सांगते. खेळ सगळे सारखे नसतात. एक, ज्याला शेवट आहे आणि जो पुन्हा पैसे मागत नाही. तो मुलांना खेळू द्या, वेळ ठरवून. दुसरा, जो फुकट येतो आणि आत दुकान मांडतो. त्यावर नजर ठेवा. फोनमधली खरेदी पासवर्डशिवाय होणार नाही अशी सोय असते, ती चालू करून घ्या आणि पिन कुणालाही सांगू नका, पोटच्या मुलालाही नाही. तिसरा, पैसे लावून पैसे जिंकायचा. रमीचे वगैरे. तो खेळ नव्हे, जुगार. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून असे ऑनलाइन पैशाचे खेळ बंद केले आहेत. तरी कुणी चोरून लिंक पाठवली तर पैसे टाकू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

आणि मूल खेळतं म्हणजे लगेच बिघडलं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजार म्हटलं आहे, पण कधी? खेळावर ताबा राहत नाही, जेवणखाण, झोप, शाळा सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही सुटत नाही, आणि असं साधारण वर्षभर चालतं तेव्हा. तसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मारू नका. मारलं की मूल खेळणं थांबवत नाही, सांगणं थांबवतं.

शेवटी ती अट. आमच्या गटाने ठराव केला की अकरा जणींपैकी प्रत्येकीने स्वतःच्या हाताने फोनवरून पैसे पाठवायला आणि बघायला शिकायचं. बैठकीत शेजारणीने फक्त तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. आजपर्यंत आठ जणींना येतं. थोरली आजी नववी होणार आहे. परवा तिने एक रुपया माझ्या खात्यावर पाठवला. तिला अर्धा तास लागला. मग म्हणाली, "आता तो परत धाड, माका बघुचो आसा येता काय तो."

मी धाडला. तो पोचला.